बाईंना विचारा : तक्ता फाडणारा मुलगा

आदरणीय बाई, सादर नमस्कार.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. 16 आठवड्यांच्या छात्रसेवाकालासाठी (इंटर्नशिपसाठी) आम्हा आठ जणांना कराड तालुक्यातली एक माध्यमिक शाळा मिळाली आहे. दिवाळीची सुट्टी संपली आणि आम्ही रुजू झालो, त्याच आठवड्यात गावात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. त्यांच्यातली चार मुलं सातवीच्या वर्गात आली. तिघं गप्प असतात. हे पत्र चौथ्याबद्दल आहे. त्याचं खरं नाव लिहीत नाही, सोमा म्हणते.

सोमा बीड जिल्ह्यातला. शाळा साडेदहाला भरते, तो रोज साडेअकराला येतो. न विचारता आत शिरतो आणि शेवटच्या बाकावर दप्तर आपटतो. मी बोलायला लागले की तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढतो. वर्ग हसतो. फळ्याकडे वळले की पाठीवर खडूचे तुकडे येतात. खिचडी खाऊन झाली की तो बाकावर डोकं टाकून झोपतो आणि उठवलं तर अंगावर येतो. एकदा “काहून उठवलंत मला?” असं इतक्या जोरात ओरडला, की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला प्रकट वाचनासाठी उभं केलं होतं. पहिल्याच ओळीत तो चार वेळा अडखळला. मुलं हसली. त्यानं पुस्तक खाली टाकलं आणि मला शिवी दिली. तेव्हापासून तो माझ्याच तासाला जास्त त्रास देतो. गणिताच्या सरांच्या तासाला तोच मुलगा गप्प बसलेला मी पाहिलाय.

मागच्या गुरुवारी माझा पाठ पाहायला कॉलेजच्या मॅडम आल्या होत्या. मी तीन रात्री जागून गडकिल्ल्यांचा मोठा तक्ता केला होता. पाठ सुरू होण्याआधी तो खिळ्याला लावत होते, तर एका बाजूची दोरी सारखी सुटत होती. सोमा उठून पुढे आला, दोरी हातात घेतली आणि कसलीशी गाठ मारली. मॅडम दारात होत्या. मी म्हटलं, “जागेवर बस. हात लावू नको.” तो जाऊन बसला. पाठभर आवाज नाही, काही नाही. पाठ बरा झाला. मॅडमना सोडायला बाहेर गेले आणि परत येते तो तक्ता मधोमध फाडलेला. सोमानंच फाडला होता. त्यानं ते लपवलंही नाही.

वर्गशिक्षक म्हणतात, “दोन ठेवून द्या, सरळ येईल. नाहीतर सोडून द्या, मार्चला जाणारच आहे.” मला मारायचं नाही. सोडून द्यावं असंही वाटत नाही. दिवसा मला त्याचा राग येतो आणि रात्री माझंच मला वाईट वाटतं. मागच्या आठवड्यात तापामुळे मी दोन दिवस गेले नव्हते. मैत्रीण सांगत होती, सोमा तिला विचारत होता, “त्या बाई गेल्या का?”

माझे 10 आठवडे उरलेत. त्याच्याशी नातं कसं जोडू?

— एक छात्राध्यापिका, जि. सातारा

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा दोरीपाशी थांबले. तक्त्याचं दुःख मला कळतं. तीन रात्री जागून केलेली वस्तू फाटलेली पाहिली की पोटात कालवतं. पण आधी दोरीचं बोलू.

ऊस तोडला की त्याची मोळी बांधतात. त्यासाठी सुतळी आणत नाहीत. उसाचं हिरवं वाढं घेतात, त्याला पीळ देतात आणि त्याचीच गाठ मारतात. गाठ नीट बसली नाही तर मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत जाईतो सुटते. बहुतेक घरांत पुरुष तोडतो, बाई बांधते आणि मुलं शेजारी उभी राहून ते बघत मोठी होतात. तुझ्या वर्गात गाठ मारण्यात सोमाइतका तरबेज दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही. तुझी दोरी सुटताना त्यानं पाहिली. तू शाळेत रुजू झाल्यापासून त्याला येणारं एक काम पहिल्यांदाच त्याच्यासमोर आलं. तो उठला, त्यानं ते केलं आणि वर तुझा पाठ संपेपर्यंत चूप बसला. त्याला ऐकायला काय मिळालं? “हात लावू नको.”

मॅडम दारात होत्या, तू घाबरली होतीस, हे मी समजू शकते. तुझ्या जागी मीही तेच बोलले असते. तरी ते बोलणं त्याला लागलं. आणि ते लागलं याचा अर्थ तू त्याला परकी नाहीस. गणिताच्या सरांच्या तासाला तो गप्प बसतो, कारण त्या तासाकडून त्याला काही नको असेल. तुझ्याकडून काहीतरी हवंय.

म्हणून उद्या शाळेत गेलीस की एक काम कर. वर्गासमोर नको. पाण्याच्या टाकीपाशी किंवा शाळा सुटताना तो दप्तर भरत असेल तेव्हा जवळ जा आणि सांग, “त्या दिवशी तू दोरी बांधून दिलीस आणि मी तुला हात लावू नको म्हटलं. माझं चुकलं. तक्ता फाडलास ते तुझं चुकलं. मला तो परत करायचाय. या वेळी दोरी तू बांध.” एवढं बोल आणि निघ. तो हो म्हणतो का, मान खाली घालतो का, ते बघत उभी राहू नको. तेरा वर्षांच्या मुलाला लगेच उत्तर द्यायला लावलं की तो वाकडंच उत्तर देतो. आणि तक्ता खरंच परत कर, साधा, एका रात्रीत होईल असा. आधीच्यापेक्षा छान करायच्या नादाला लागू नकोस.

आता साडेअकराचं. तू लिहितेस, “रोज साडेअकराला येतो.” मी त्यातला “रोज” वाचला. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं वाळवा आणि कराड तालुक्यांत गेली. शाळेच्या मागच्या माळावर दर हंगामात ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या. म्हणून त्या मुलाची सकाळ मला थोडी माहीत आहे. टोळीच्या मुकादमाकडून आई-बापांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. ती उचल फिटेपर्यंत आज अंग दुखतंय, आज नाही जात, असं म्हणायची सोय नसते. पहाटे अंधारातच ती दोघं फडात जातात. कधी रात्री ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, मग झोपेतून उठून गाडी भरायची. धाकटं भावंड असेल तर ते सोमासारख्या मुलाच्या गळ्यात. पाणी आणायचं, कोपीकडे बघायचं, आई फडातून येईपर्यंत थांबायचं. शाळेत पाठवायला त्याच्या मागं कुणी उभं नाही. न आला तर विचारणारंही कुणी नाही. तरीही तो रोज चालत येतो आणि ज्या बाईला शिवी दिली तिच्याच वर्गात बसतो.

तेव्हा साडेअकराला दार उघडलं की घड्याळाकडे बघणं बंद कर. “का उशीर झाला?” हा प्रश्न त्याला महिनाभर तरी विचारू नकोस. उत्तर तुला माहीत आहे, आणि सगळ्यांदेखत ते सांगणं त्याच्या जिवावर येतं. त्याऐवजी तो आत येईल तेव्हाचं एक छोटं काम ठरवून ठेव. वह्या वाटणं, खिडकी उघडणं, फळ्यावर तारीख लिहिणं. तारखेचं काम मला आवडतं, कारण आकडे बहुधा त्याला येत असतील आणि ते रोज नवं असतं. न बोलता खडू त्याच्या हातात द्यायचा. पाठीवर फेकायला तो त्याला लागणार नाही.

झोपेबद्दल माझं मत अनेक शिक्षकांना पटत नाही, तुझ्या मॅडमनाही पटेल असं नाही. माझं म्हणणं, त्याला झोपू दे. पहाटेपासून उठलेल्या मुलाच्या पोटात दुपारी गरम खिचडी गेली की डोळे मिटणारच. आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत जेवण मिळतं, त्याच्यासारख्या मुलाचं दिवसातलं पहिलं गरम जेवण तेच असू शकतं. वीस मिनिटं झोपू दे, मग हळूच बाकावर टकटक कर. खांद्याला हात लावून हलवू नको. रात्री गाडी भरायला उठवतात तसं उठवलं की मूल दचकून अंगावर येतं. वर्गातली बाकीची मुलं विचारतील, त्याला का चालतं? त्यांना सांग, “तो रात्री कामाला असतो.” सातवीच्या मुलांना एवढं समजतं. उसाच्या गावची मुलं आहेत, त्यांना ट्रॅक्टर कधी येतो ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तारीख लिहायला लागला म्हणून मूल वाचायला लागत नाही. खरा घाव वाचनाचा आहे. तू त्याला उभं केलंस आणि मुलं हसली. ती नुसती अडखळण्याला हसली, की त्याच्या बोलीला? बीडचा सूर आमच्या साताऱ्याच्या कानाला वेगळा लागतो. “काहून” हा शब्द या मुलांनी घरात कधी ऐकलेला नाही. आणि गंमत बघ, “काहून उठवलंत” हे तूही पत्रात जसंच्या तसं लिहिलंस, म्हणजे ते तुझ्याही कानात राहिलं. तू मराठीची शिक्षिका होणार आहेस. या वर्गात ज्यांच्याकडे एक जास्तीची मराठी आहे अशा मोजक्या मुलांतला तो आहे. प्रमाण मराठी त्याला शिकव, पण “काहून” खोडून नव्हे.

मी काय करायचे ते सांगते. एक 40 पानी वही घे. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर व्हरांड्यात, जिथे सगळे येता-जाता दिसतात तिथे बस. त्यानं सांगायचं, तू लिहायचं, मग त्यानं वाचायचं. विषय निबंधाचा नको. “मोळी कशी बांधतात ते मला सांग, मला येत नाही.” तो जे बोलेल ते शब्द न बदलता लिही. “काहून” म्हणाला तर “काहून” लिही. सहा-सात ओळींपुढे जाऊ नको. स्वतःच बोललेलं वाक्य समोर असलं की मूल अंदाजानं पुढचा शब्द धरतं आणि त्याला वाटतं, आपण वाचतोय. तो खरंच वाचत असतो. तीन-चार आठवड्यांनी त्याच पानाखाली पुस्तकातलं एक वाक्य लिहायचं. “काहून”शेजारी “का” लिहायचं आणि दोन्ही ठेवायचे. माझ्या अनुभवात दहा आठवड्यांत मूल सातवीचं पुस्तक वाचायला लागत नाही. पण दुसरीचं वाचणारा चौथीच्या जवळ आलेला मी पाहिला आहे. आणि तोवर त्याला वर्गात मोठ्यानं वाचायला लावायचं नाही. तो स्वतः हात वर करेपर्यंत नाही.

हे मी शोधून काढलेलं नाही. मूल जिथे आहे तिथे शाळेनं जायचं, हे आपल्याकडे फार आधीपासून झालेलं आहे. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर राहून त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कशी येणार? मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. मला त्या दोघींबद्दल इतका आदर वाटतो, की माझ्या टेबलाच्या काचेखाली दोघींचा फोटो तीस वर्षं होता. तुझा व्हरांडा ही त्याच शाळेची एक पायरी आहे असं समज.

वर्गशिक्षकांचं “दोन ठेवून द्या” मात्र ऐकू नकोस. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, त्याचं 17 वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी घालतं. पण हे कलम स्टाफरूममध्ये सरांना ऐकवत बसू नकोस. ते वर्षानुवर्षं टोळ्या येताना-जाताना पाहून थकलेले असतील. “सर, माझ्या तासाला मी बघते” एवढंच म्हण आणि बघ. गणिताच्या सरांना जाऊन विचार, सोमा तुमच्या तासाला कुठे बसतो, काय करतो. कधीकधी उत्तर अगदी छोटं असतं. “मी त्याला पुढे बोलावत नाही” एवढंच.

आणखी दोन गोष्टी घाईनं सांगते. पैसे, कपडे, मोबाईल यांतलं काही देऊ नकोस. वही-पेन्सिल शाळेतर्फे दे. आणि कोपीवर जायचं असेल तर एकटी जाऊ नकोस, शाळेतल्या कुणा शिक्षकाला घेऊन जा, दिवस असताना जा, आणि तिथे शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागू नकोस. त्या आईनं पोराला शाळेत घातलंय. तिला एवढंच सांग, “तुमच्या मुलानं माझ्या तक्त्याची दोरी बांधून दिली.” बाकी चहा दिला तर पी. जर त्याच्या अंगावर मारल्याच्या खुणा दिसल्या किंवा तसं काही कानावर आलं, तर ते स्वतःपाशी ठेवू नको. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांग, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लक्षात असू दे.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. तू शेवटी विचारलंस, नातं कसं जोडू. त्याआधीच्याच ओळीत तू लिहिलंयस, “त्या बाई गेल्या का?” मला तुझ्या प्रश्नापेक्षा त्याच्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते.

1984 साली मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सरावपाठांसाठी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात महिनाभर गेले होते. चौथीत एक मुलगा होता, खिडकीतून उडी मारून पळायचा. मी एकोणीस वर्षांची. मनाशी ठरवलं, याला आपण बसवायचंच. मी त्याच्याबरोबर डबा खाल्ला, त्याच्याबरोबर विहिरीवर गेले, त्याच्याकडून गोट्या शिकले. तो बसायला लागला. इतका, की माझ्या खुर्चीच्या पायाला टेकून बसायचा आणि संध्याकाळी माझी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत यायचा. आमचे प्राचार्य आले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना माझं उदाहरण सांगितलं. मला फार अभिमान वाटला. शेवटच्या दिवशी थांब्यावर त्यानं विचारलं, “बाई, उद्या?” मी म्हटलं, “येईन हं, लवकरच येईन.” मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. तेवढ्यात एसटी आली.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांचं 15 पैशांचं कार्ड आलं. तुमचा विद्यार्थी रोज संध्याकाळी थांब्यावर जाऊन बसतो, जमल्यास एकदा येऊन जावे. माझी परीक्षा तोंडावर होती. कार्ड मी पुस्तकात ठेवलं. जूनमध्ये गेले तेव्हा पटावर त्याच्या नावावर रेघ मारलेली होती. बापाला कुठे काम मिळालं, सगळं घर गेलं. माझ्यामुळे तो गेला असं मी म्हणत नाही. पण रोज थांब्यावर बसला तो माझ्यामुळे, आणि त्याला कुणी खरं सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगते, मुली. तुला 10 आठवडे मिळालेत, ते पुरेत. पण ते 10 आहेत हे सोमाला आजच कळू दे. त्या 40 पानी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून 10 चौकोन काढ, शेवटच्यात तारीख लिही आणि त्याला सांग, “या दिवशी माझं इथलं काम संपतं. तोपर्यंत मी रोज आहे. आजारी पडले तर मैत्रिणीकडून निरोप देईन.” दर शनिवारी एक चौकोन त्यानं खोडायचा. तो म्हणेल, “मला काय त्याचं.” म्हणू दे. खोडेल की नाही ते बघ.

आणि हे त्याला फार नवं वाटणार नाही. तो तुझ्यापेक्षा जास्त वेळा निघून गेलेला आहे. मार्चच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल, टोळी परत फिरेल, आणि दिवाळीनंतर कदाचित दुसऱ्याच कारखान्यावर उतरेल. कुठली शाळा त्याला निरोप देते? एक दिवस तो येत नाही, मग पट्टा पडला हे कळतं, आणि मग त्याचा बाक मोकळा. तू आधी जाशील की तो आधी जाईल, हे आत्ता सांगता येत नाही. म्हणून निरोपाची तयारी दोन्ही बाजूंनी कर. मुख्याध्यापकांना आणि शाळेत बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्यासाठी, काम करणारे कुणी असतील तर त्यांना आत्ताच विचार, की स्थलांतरित मुलांचं शिक्षण हमी पत्रक त्याच्यासाठी भरलं आहे का. पुढच्या शाळेला त्यावरून कळतं, मूल कितवीत आहे आणि कुठवर आलंय. रिकाम्या रकान्यांचं पत्रक काही बोलत नाही. “दुसरीच्या पातळीचं वाचन, आकडे चांगले, स्वतः सांगितलेला मजकूर वाचतो” अशी एक ओळ तू वर्गशिक्षकांना लिहून दे. ती वही मात्र त्याच्या दप्तरात जाऊ दे. तुझ्या कॉलेजच्या फाईलला लावायला पानं हवी असतील तर त्याला विचारून हातानं उतरवून घे. मूळ वही त्याची.

नातं जुळलंच नाही तर? तसंही होऊ शकतं. तो आणखी एक तक्ता फाडेल. एखाद्या सोमवारी येणारच नाही. तरी तू शनिवारी वही घेऊन व्हरांड्यात पंधरा मिनिटं बस. त्याला ते दिसेल, किंवा त्याच्या टोळीतल्या त्या तीन गप्प मुलांना दिसेल. त्यांच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस. त्रास देत नाहीत म्हणून ती पत्रात मावली नाहीत. त्यांनाही वाचता येतं का, ते या आठवड्यात बघ.

फेब्रुवारीच्या शेवटी मला परत लिही. तक्त्याची दोरी कुणी बांधली ते लिही.

— तुझ्या बाई

आणखी एक पत्र :

माझी मुलगी सहावीत आहे. बाईंनी तिला वर्गातल्या सगळ्यांत खोडकर मुलाशेजारी बसवलंय, “तू शांत आहेस, तुझ्यामुळे तो सुधारेल” म्हणून. तो तिची पट्टी मोडतो, वहीवर रेघोट्या मारतो. ती घरी येऊन रडते. तक्रार केली तर आम्हीच वाईट ठरू का?

— एक पालक, कोल्हापूर

तुम्ही वाईट ठरत नाही. शाळेत जा आणि बाईंना शांतपणे सांगा, की मुलगी घरी येऊन रडते आहे. त्या मुलाला सावरणं हे काम मोठ्या माणसाचं आहे. अकरा वर्षांच्या मुलीवर ते टाकता येत नाही, ती कितीही शांत असली तरी. शांत मुलींना आपण शाळेत अशी फुकटची कामं फार लावतो. मीही लावलेली आहेत आणि आज त्याचं मला वाईट वाटतं.

फक्त एक विनंती. “त्याला वर्गातून काढा” म्हणू नका. “माझ्या मुलीची जागा बदला आणि त्याला तुमच्याजवळ पुढे घ्या” असं म्हणा. आणि घरी मुलीसमोर त्याला “तो वाया गेलेला मुलगा” म्हणू नका. ती उद्या त्याच शब्दानं त्याला हाक मारेल. पट्टी दोन आणा. एक तिच्या दप्तरात ठेवा आणि दुसरी बाईंकडे द्या, त्याच्यासाठी.

— बाई